मेजरसाहेबांची जशी आज्ञा

पेनसिल्व्हेनियातली छावणी
१९ ऑक्टोबर १७७७

प्रिय ताई,

आधी तुझं अभिनंदन करतो. काल हजेरीच्या वेळी तोफखान्यातल्या बढत्या जाहीर झाल्या आणि तुझे यजमान मेजर झाले. आजपासून अ‍ॅशब्रुक गावाने तुला मेजरीणबाई म्हणायला हरकत नाही. मी कॅप्टन होतो तो कॅप्टनच राहिलो. फरक एवढाच, की आता झेनस लॅथ्रप समोरून आला की मी टोपी काढायची.

तोफेचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं हे बोस्टनच्या वेढ्यात मी ज्याला दाखवलं, त्याला टोपी काढायची! कालपरवापर्यंत शाळेत पोरांकडून लॅटिनची रूपं घोकून घेणारा हा माणूस. सैन्यात आला तोही माझ्या मागे लागून. मी मिसरूड फुटायच्या वयात फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत तोफा ओढल्या आहेत, नंतर जन्मभर जमिनी मोजत हिंडलो आहे. पण ते कुणाला आठवत नाही. आठवतं ते एकच.

ते एकच काय, ते ऐक. गेल्या महिन्यात ब्रँडीवाइनच्या ओढ्यावर इंग्रज आमच्या बगलेत घुसले. माझे घोडे मेले. शेजारचं पायदळ निघून गेलं आणि जाताना मला कुणी एका शब्दाने कळवलं नाही. दोन तोफा तिथेच सोडाव्या लागल्या. माणसं सगळी परत आणली, पण इथे माणसांचं कुणी विचारत नाही, तोफांचं विचारतात. चौकशी बसली. झेनसच्या तोफांमागे चांगला रस्ता होता, म्हणून त्या सुटल्या. आणि चौकशीच्या आदल्या दिवशी तो कर्नलच्या तंबूतून बाहेर पडताना मी स्वतः पाहिला. माझ्याशी नजर न मिळवता निघून गेला. पुढचं तू समजून घे.

मी राजीनामा दिला आहे. इंग्लंडच्या राजाशी लढायला आलो होतो, मेव्हण्याच्या हुकमावर नाचायला नाही. सफरचंदांचा रस गाळायच्या आत घरी पोहोचतो.

तुझा
असाहेल

ता. क. मोजे पाठवू नकोस. वर घालायला बूट नाहीत.


अ‍ॅशब्रुक, मॅसॅच्युसेट्स
१२ नोव्हेंबर १७७७

असाहेल,

सफरचंदं गाळून झाली. तुझा पत्ता नाही.

माझा नवरा मेजर झाला हे मला तुझ्याकडून कळतंय. त्याचं पत्र आलं होतं, पण त्यात गाईला चारा पुरेल का आणि कोठाराच्या छपराला फळ्या ठोकल्या का, एवढंच होतं. यावरून तूच ठरव, त्याला बढतीचा किती आनंद झाला असेल ते.

तुझी बाजू खोटी आहे असं मी म्हणत नाही. लहानपणापासून तुझ्यावर अन्याय झाला की तो खरोखरच झालेला असतो. फक्त तू त्याला असा कवटाळून बसतोस, की दुसरं काही उचलायला हात मोकळे राहत नाहीत.

घरी यायचं असेल तर ये. दार उघडं आहे, लाकडं फोडायची आहेत. पण येशील तेव्हा आधी टिल्डनकाकूंकडे जा. त्यांचा रूफस तुझ्या तोफेवर आहे ना? त्याने घरी कळवलं, की ओढ्यावर सगळे पळत असताना कॅप्टन डनिंग शेवटपर्यंत मागे थांबले आणि एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून काकू प्रार्थनेला तुझं नाव घेतात. रोज मला विचारतात, "असाहेल कसा आहे गं?" त्यांच्यासमोर बसून सांग, की रूफसला तिथेच ठेवून मी परत आलो, कारण मला मेजर केलं नाही.

तोफांचं विचारतात म्हणालास. गावात अजून कुणी तोफांचं विचारलेलं नाही.

मी बरी आहे. हल्ली वाकून कामं होत नाहीत, म्हणून काकू हाताशी येतात. वय झालं, दुसरं काय.

तुझी
केझाया


व्हॅली फोर्ज
२८ डिसेंबर १७७७

प्रिय ताई,

राजीनामा वरिष्ठामार्फत जावा लागतो. माझा वरिष्ठ कोण, हे तुला सांगायला नकोच. मी त्याच्या झोपडीवर गेलो.

"मेजरसाहेब, माझा अर्ज?"

"आहे माझ्याकडे."

"पुढे कधी जायचा?"

"बघू या. जरा थंडी ओसरू दे."

थंडीचा आणि अर्जाचा संबंध काय? मला हाताखाली ठेवून छळायचं आहे, दुसरं काही नाही. आणि वर साळसूदपणा बघ. रोज निरोप येतो, "कॅप्टनना जरा बोलावलंय." जाऊन बघावं तर साहेब टेकडीवर उभे. "असाहेल, नदीकडून ते आले तर तोफा इथे लावाव्यात की त्या वळणावर? तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते विचारायची वेळ गेली. मी टाचा जुळवतो आणि म्हणतो, "मेजरसाहेबांची जशी आज्ञा." दुसरा शब्द बोलत नाही. परवा त्याने एका बुरुजाची जागा अशी निवडली, की समोरच्या झाडीतून कुणीही सरपटत दाराशी यावं. मला दिसत होतं. मी म्हणालो, जशी आज्ञा. आता माणसं तिथे बर्फात खणत बसली आहेत. नंतर त्याचं त्यालाच कळेल आणि सगळं पुन्हा खणावं लागेल.

खायला पाण्यात कालवून भाजलेलं पीठ. घोडे रोज मरतात आणि गोठलेल्या जमिनीत त्यांना पुरता येत नाही. माझ्या माणसांनी गोणपाट गुंडाळून पाय झाकले आहेत. आपल्या वसाहतींच्या काँग्रेसमधले लोक पोट भरून आमच्या शौर्यावर भाषणं करतात असं ऐकतो.

वय झालं म्हणतेस, चाळिशी तरी आली का तुझी? पाठ धरली असेल. गरम विटेने शेक.

आणि एकदा सरळ सांग, तू माझ्या बाजूची की त्याच्या?

असाहेल


व्हॅली फोर्ज
९ जानेवारी १७७८

प्रिय केझाया,

तुझं पत्र बऱ्याच दिवसांत आलं नाही. असाहेलला येतं असं कळतं, त्यावरून तू बरी आहेस असं समजतो.

त्याने तुला काय लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे. त्यातलं बरंचसं खरं आहे. मेजर होण्याची लायकी त्याची होती. चौकशीच्या आदल्या दिवशी मी कर्नलकडे तेच सांगायला गेलो होतो. ते म्हणाले, तुमच्या मेव्हण्याची जीभ त्याच्या तोफांपेक्षा लांबवर मारा करते, त्याला चार माणसांवर नेमणं अशक्य आहे. मी नकार दिला असता तर बाहेरचा कुणी आला असता, आणि त्याने सगळ्यात आधी असाहेलची तुकडी मोडून माणसं वाटून टाकली असती. म्हणून मी हो म्हणालो. तू हे त्याला सांगू नकोस. माझ्याकडून कळलं तर मी उपकार दाखवल्यासारखं होईल, तुझ्याकडून कळलं तर तू नवऱ्याची वकिली केलीस म्हणेल.

राजीनामा मी पुढे पाठवलेला नाही. हा अन्याय आहे, पण तो मी जाणूनबुजून करतो आहे. सगळ्या पलटणीत या हिवाळ्यात ज्याचा एकही माणूस पळून गेला नाही असा कॅप्टन तो एकटा आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी इथे कुणापुढे बोलू शकत नाही. मला आकडे येतात, केझाया. किती दारू, किती कोन, गोळा कुठे पडेल, हे मी चटकन सांगतो. पण जमीन बघून मला काही समजत नाही. टेकडी म्हणजे टेकडी. असाहेलला तीच टेकडी चार गोष्टी सांगते. मी त्याला विचारतो आणि तो म्हणतो, जशी आज्ञा. वसंतात लढाई होणार. मी तोफा चुकीच्या जागी उभ्या करीन आणि तो शेजारी उभा राहून तेच म्हणेल. मला इंग्रजांची एवढी भीती वाटत नाही.

गाय कशी आहे?

तुझा
झेनस


अ‍ॅशब्रुक
६ एप्रिल १७७८

असाहेल,

हिवाळाभर मी तुम्हा दोघांनाही लिहिलं नाही. तुला वाटलं असेल, मी रागावले. रागावले होतेच, पण कारण ते नव्हतं.

फेब्रुवारीत मला मुलगी झाली.

गेल्या मे महिन्यात झेनस माणसं भरती करायला आला होता, त्यानंतर चार आठवड्यांत मला समजलं होतं. कुणाला सांगितलं नाही. चर्चमागे आमची दोन बाळं झोपली आहेत, तुला माहीत आहे. दोन्ही वेळा झेनसने पाळणा आधी करून ठेवला होता, आणि दोन्ही वेळा तो त्यानेच मोडला. तिसऱ्यांदा त्याला आशा लावायची मला हिंमत झाली नाही. तिकडे तुम्ही बर्फात, इकडे मी. म्हटलं, आधी ही जगते का बघू. बाळंतपण कठीण गेलं. टिल्डनकाकू नसत्या तर हे पत्र लिहायला मी नसते. महिनाभर मी ताप अंगावर घेऊन पडून होते.

पण ती जगली आहे, असाहेल. चांगली गुटगुटीत आहे. मुठी आवळून अशी ओरडते की कोठारातली कोंबडी उडते. दिसायला तुझ्यासारखी आहे, त्याला माझा इलाज नाही.

आता ऐक. हे मी झेनसला लिहिणार नाही. तू त्याच्याकडे जायचं आणि तोंडाने सांगायचं. निरोप्याबरोबर चिठ्ठी पाठवायची नाही, टाचा जुळवायच्या नाहीत. मेजरला नाही, माझ्या नवऱ्याला सांगायचं. आणि मुलीचं नाव तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. एकमत झाल्याशिवाय मला कळवू नका.

मी कुणाच्या बाजूची, असं तू विचारलं होतंस. मी तिच्या बाजूची आहे. तिला मामा आणि बाप दोघंही परत हवेत, आणि ते एकमेकांशी बोलल्याशिवाय परत येतील असं मला वाटत नाही.

केझाया


व्हॅली फोर्ज
३० एप्रिल १७७८

लाडक्या ताई,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग ओंडक्यावर बसलो. रूफसने विचारलं, "कॅप्टन, घरी सगळं ठीक ना?" मी त्याला मिठी मारली. तो अजून माझ्याकडे संशयाने बघतो.

झेनस कवायतीच्या मैदानावर होता. मला येताना पाहून त्याचा चेहरा पडला. वाटलं असेल, आला अर्जाचं विचारायला. त्याने खिशात हातही घातला. म्हणजे अर्ज तो अंगावरच घेऊन हिंडत होता.

"ते राहू दे," मी म्हटलं. "झेनस, तुला मुलगी झाली."

त्याचा हात खिशातच राहिला. मग म्हणाला, "कुणाला?"

"तुला! ताईला. दोघी बऱ्या आहेत. फेब्रुवारीत झाली, जगली आहे, गुटगुटीत आहे, कोंबड्यांना घाबरवते."

ताई, तो तोफेच्या गाड्यावर बसला आणि सगळ्या पलटणीसमोर रडला. मी शेजारी बसलो. काय करावं ते कळेना, म्हणून त्याच्या पाठीवर थापा मारत राहिलो, घोड्याला मारतात तशा.

मग नावावरून आमचं भांडण झालं. त्याला कुठल्याशा ग्रीक राणीचं नाव हवं. मी म्हटलं, आईचं ठेवू, लोईस. तो म्हणाला, सगळ्या गावात लोईस आहेत. मी म्हटलं, मग काय बिघडलं? तिला हाक मारताना निदान जिभेला गाठ पडणार नाही. तो म्हणाला, तुला नेहमी तुझंच खरं करायचं असतं. आणि तिथून बोलण्याची गाडी कर्नलच्या तंबूपाशी जाऊन थांबली.

"मी तुझंच नाव सांगायला गेलो होतो," तो म्हणाला.

"मग नजर का चोरलीस?"

"ते नाही म्हणाले होते. तुला कसं सांगायचं ते कळेना. आणि दुसऱ्या दिवशी चौकशीत तू त्यांना काय म्हणालास, आठवतं?"

"खरं तेच म्हणालो."

"तुम्ही ओढ्यापासून इतके लांब होतात की तुम्हाला धूरसुद्धा दिसला नसेल, असं म्हणालास."

"मग? दिसला होता का?"

झेनसने विचार केला. "नाही," तो म्हणाला. आणि ताई, किती महिन्यांनी, आम्ही दोघं हसलो.

आता तुला वाटेल, सगळं मिटलं. तसं नाही. कारण कळलं म्हणून राग लगेच जात नाही. काल हजेरीला टोपी काढताना पोटात दुखलंच. अजून चारचौघांत तोंडातून 'जशी आज्ञा'च निघतं. सवय लागली आहे. पण त्या बुरुजाची जागा चुकली आहे हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "डिसेंबरात सांगायला काय झालं होतं?" बर्फात खणणारी माणसं माझीच होती.

नावाचं अजून ठरलेलं नाही. मी हटणार नाही.

तुझा
असाहेल


न्यू जर्सी
२ जुलै १७७८

प्रिय ताई,

आधी हे वाच. झेनस जिवंत आहे, मी जिवंत आहे, रूफसही. आता खाली बस आणि बाकीचं वाच.

रविवारी मॉनमथ गावापाशी इंग्रजांशी गाठ पडली. तसं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. तोफेला हात लागला की कातडी सोलून निघायची. घोडे आणि माणसं गोळी न लागताच कोसळत होती. सकाळी पुढे गेलेलं आपलं पायदळ मागे येत होतं. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आम्हाला हुकूम मिळाला, की त्यांना मागे येऊन रांगा धरायला उसंत मिळेल अशा ठिकाणी तोफा लावा.

झेनसने कुंपणापुढचं एक सपाट रान निवडलं. मारा करायला जागा सुरेख होती. पण कुंपणामागचं गवत मला येतानाच खटकलं होतं. एवढ्या उन्हात हिरवंगार गवत म्हणजे खाली पाणी. जाताना गाडे कसेबसे निघाले असते, परतताना आसापर्यंत रुतले असते. पुन्हा ब्रँडीवाइन, आणि या वेळी माणसंही सुटली नसती.

तो माझ्याकडे वळला. "कॅप्टन, तोफा इथे लावू या. काही म्हणायचंय?"

ताई, तुला खरं सांगतो, ते शब्द जिभेवर आले. "मेजरसाहेबांची" एवढं मी म्हणालोदेखील. समोर रूफस तोफ ठासायचा गज खांद्यावर टाकून उभा होता, मी म्हणेन तिकडे निघायला तयार.

"झेनस, अरे वेडा आहेस का!" मी ओरडलो. "मागे दलदल आहे, एक तोफ परत निघणार नाही! त्या टेकाडावर चल, फळबागेशेजारी!"

मेजरला सर्वांसमोर वेडा म्हणणाऱ्या कॅप्टनचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. झेनसने एकदा टेकाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कॅप्टन काय म्हणाले ते ऐकलंत ना?" तो माणसांना म्हणाला. "मग उभे काय राहिलात?"

आम्ही टेकाडावर गेलो. आणि आता माझी फजिती ऐक. माझे पहिले गोळे सगळे आखूड पडले. अंतर मी डोळ्यांनी धरलं होतं त्याहून बरंच जास्त होतं आणि तापलेल्या हवेत काही धड दिसत नव्हतं. झेनस एकेका तोफेपाशी जाऊन आकडे सांगू लागला. इतकी दारू, इतका कोन. एखाद्या वर्गात फळ्यावर लिहावं तशा शांत आवाजात. मग गोळे पडू लागले ते नेमके त्यांच्या रांगेपुढे. इंग्रजांचे लाल डगले थांबले, पांगले, पुन्हा जुळले, पुन्हा पांगले. आपलं पायदळ आमच्या दोन्ही अंगांनी मागे आलं आणि कुंपणांआड उभं राहिलं. संध्याकाळपर्यंत ते तिथून हललं नाही, आम्हीही नाही. इंग्रजच निघून गेले.

दुपार टळल्यावर झेनस आकडा सांगता सांगता कोसळला. मला वाटलं, गोळी लागली. अंगावर जखम नाही, पण अंग भट्टीसारखं आणि घाम अजिबात नाही. मी त्याला खांद्यावर टाकून झाडाखाली नेलं. त्याच्यासाठी टोपी काढली ती त्या दिवशी मनापासून, ओढ्याचं पाणी आणायला. किती वेळा आणलं कुणास ठाऊक. शुद्धीवर आला तेव्हा तो लॅटिन बडबडत होता. मी म्हटलं, गेला. तर म्हणाला, "तोफा?"

"सगळ्या आहेत."

"पोरीचं नाव लोईस ठेव," तो म्हणाला. "मी हरलो."

मला एवढा धक्का बसला की मी म्हणालो, नको, तुझी ग्रीक राणीच चालेल.

दुसऱ्या दिवशी कर्नलनी त्याला बोलावलं. त्याने सांगितलं, जागा कॅप्टन डनिंगनी निवडली. कर्नल म्हणाले, "त्यांनी तुम्हाला सर्वांदेखत वेडा म्हटलं असं ऐकतो."

"हो," झेनस म्हणाला, "वेळेवर म्हटलं."

माझा अर्ज त्याने मला परत दिला. म्हणाला, पाठवायचा असेल तर आजच पाठवतो. मी तो चूल पेटवायला वापरला. लाकडं ओली होती.

तुझा
असाहेल


अ‍ॅशब्रुक
३ ऑगस्ट १७७८

प्रिय झेनस आणि प्रिय असाहेल,

दोघांनी शेजारी बसून वाचा.

'आधी हे वाच' असं पहिल्याच ओळीत लिहिलंस ते फार बरं केलंस, असाहेल. मी ती ओळ वाचली आणि तिथेच थांबले. बाकीचं पत्र दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या दिवशी मी गवत कापलं, लोणी काढलं, पोरीला नदीवर नेऊन आंघोळ घातली आणि घरी येताना मोठ्याने गात आले. टिल्डनकाकूंना वाटलं, उन्हाचा परिणाम. मी त्यांना म्हटलं, तुमचा रूफस खुशाल आहे. मग त्याही गाऊ लागल्या. त्यांचा आवाज फार वाईट आहे.

आता नावाचं. लोईस नको आणि राणीही नको. तुमचं एकमत होईपर्यंत पोर लग्नाला आली असती. पाद्रीबाबांनी मार्चमध्येच तिचा बाप्तिस्मा केला. तिचं नाव डॉर्कस. तुम्हाला भांडायला काहीतरी हवं होतं, ते मी दिलं.

झेनस, एक गोष्ट असाहेलला सांगू नकोस, असं तू मला लिहिलं होतंस. मी नाही सांगितली. आता एक तू ऐक. पाळणा मी केला नाही. ती अजून पिठाच्या टोपलीत झोपते आणि आता तिचे पाय बाहेर येतात. बर्फ पडला, लढाई थंडावली, की रजा घेऊन घरी ये आणि पाळणा कर. असाहेल, तू त्याला पाठव. तो स्वतःहून मागणार नाही, तुला माहीत आहे.

तुमची
केझाया


प्लकमिन, न्यू जर्सी
१८ फेब्रुवारी १७७९

प्रिय ताई,

तुझे यजमान एव्हाना पोहोचले असतील आणि पोरीला लॅटिन शिकवू लागले असतील. ती रडली तर माझ्या बाजूची आहे असं समज.

इथली खबर. पुन्हा बढत्या झाल्या, पुन्हा माझं नाव नव्हतं. राग आला, खोटं कशाला सांगू? लाकडं फोडायला गेलो आणि आठवडाभर पुरतील इतकी फोडली. कर्नल चौकशीतलं माझं ते धुराचं बोलणं विसरलेले दिसत नाहीत. बूट मिळाले आहेत; दोन्ही डाव्या पायाचे आहेत. मांस महिन्यातून एकदा दिसतं आणि ते दिसण्यापुरतंच असतं. ही माझी गाऱ्हाणी. आता संपली.

हिवाळ्यासाठी इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची शाळा काढली आहे, मोठं लाकडी सभागृह बांधून. झेनस गणित शिकवतो आणि मी जमीन. तो रजेवर गेल्यापासून दोन्ही माझ्या गळ्यात. गणिताच्या तासाला मी फळ्यावर जे लिहितो त्यातून तोफेचा गोळा बहुधा आपल्याच तंबूवर पडतो. त्याला लवकर पाठव. नको, सावकाश पाठव. पाळणा होऊ दे.

काल मी सगळ्यांना रानात नेलं. एका उंचवट्यावर तोफ उभी करून घेतली आणि म्हटलं, "समोरच्या रस्त्याने शत्रू येणार. मी कुठे चुकलो ते सांगा."

मुद्दाम एक चूक ठेवली होती. डावीकडच्या दगडी भिंतीआडून कुणालाही आमच्यापर्यंत येता आलं असतं. एवढे सगळे लेफ्टनंट, तरणेबांड, लढाया पाहिलेले. सगळे तोफेभोवती फिरले आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जागा उत्तम आहे, कॅप्टन," एक म्हणाला.

"अगदी उत्तम," दुसरा म्हणाला. एकाने तर टाचा जुळवल्या.

ताई, माझं डोकं फिरलं. मी टोपी जमिनीवर आपटली. "मला उत्तम नकोय! उद्या तुमच्या हाताखालची माणसं मरतील तेव्हा त्यांच्या आयांना काय सांगणार? कॅप्टन म्हणाले म्हणून? माझ्याकडे बघू नका, जमिनीकडे बघा. तोंडं उघडा!"

शेवटी मागून एकाने घसा खाकरला. हेंड्रिक म्हणून हडसन नदीकाठचा डच आहे, तिशीपुढचा, जात्याच अबोल.

"साहेब, आत्ता नाही," तो म्हणाला, "पण दुपारनंतर सूर्य बरोबर त्या रस्त्यावर येईल. आपल्या डोळ्यांत. आपल्याला ते दिसणार नाहीत, त्यांना आपण लख्ख दिसू."

मी वळून पाहिलं. डोळ्यांवर हात धरला. खरंच होतं. भिंतीची चूक माझी मुद्दाम केलेली होती. सूर्याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

"कॅप्टन डनिंग चुकले," मी मोठ्याने म्हणालो. म्हणून बघितलं, जीभ झडली नाही. "हेंड्रिक, मग कुठे लावू या?"

त्याने जागा दाखवली. दोर बांधून आम्ही सगळ्यांनी मिळून तोफ बर्फातून ओढली, मीही दोराला होतो. आणि तिथे पोहोचेपर्यंत बाकीच्यांना कंठ फुटला. एकाला भिंत दिसली. एकाला घोड्यांना आडोसा नाही हे दिसलं. दुसऱ्याला ते पटेना, त्यांची आपसांत जुंपली. जेवणाचा नगारा वाजला तरी कुणी हलेना. तोफ त्यांनी चार वेळा इकडची तिकडे केली, आणि मी भिंतीवर बसून माझ्या चुका ऐकत होतो, अंगावर बर्फ पडत होता, आणि ताई, मला घरी जावंसं वाटत नव्हतं.

तुझा
असाहेल